अकादेमसाची राखण

प्रा. सिद्धेश पालव यांनी गाळवाडीच्या काजूबागेत ग्रीक देव आणला, असं कणकवलीच्या एसटी स्टँडवर सांगतात, ते साफ खोटं आहे. सिद्धेशने फक्त एका शब्दाचा अर्थ सांगितला होता. देव गावाने आणला. शिवाय तो देव नव्हताच, बागायतदार होता; पण कोकणात या दोघांत लोक फारसा फरक करत नाहीत. दोघेही दिसत नाहीत, आणि दोघांनाही विचारल्याशिवाय झाडाला हात लावता येत नाही.

सिद्धेश कणकवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा. तासिका तत्त्वावर. हे तत्त्व कुठल्याही दर्शनात सापडत नाही. त्याचं सार असं की प्राध्यापक हा घंटा झाली की अस्तित्वात येतो आणि पुढची घंटा झाली की नाहीसा होतो. दिवाळीत तो नसतो. मे महिन्यात तर मुळीच नसतो. जुलै-ऑगस्टात कुणाला आठवण झालीच, तर पुन्हा जन्म घेतो. सिद्धेशचे असे बरेच जन्म होऊन गेले होते. त्याने शिकवलेली मुलं बँकेत कायम झाली, पोलिसांत कायम झाली, एक तर त्याच कॉलेजात शिपाई म्हणून कायम झाला आणि आता सरांचा तास संपल्याची घंटा तोच द्यायचा. घरी बायको किशोरी आरोग्य केंद्रात परिचारिका, कायम. वडील, ज्यांना घरासकट अख्खा गाव दाजी म्हणतो, ते पोस्टातून निवृत्त, म्हणजे कायम होऊन वर उरलेले. आई तुळसा ही तर घरातली सगळ्यात कायम व्यक्ती. हंगामी असा त्या घरात सिद्धेश एकटाच.

अशात कॉलेजात मराठीची एक जागा भरायचं ठरलं. प्राचार्यांनी सिद्धेशला बोलावून घेतलं. हे प्राचार्य प्रभारी होते, आणि इतकी वर्षं प्रभारी होते की दारावरच्या पाटीत 'प्रभारी' हा शब्दसुद्धा ऑइलपेंटने लिहिलेला होता. ते म्हणाले, राज्यस्तरीय चर्चासत्र घ्या. बीजभाषणाला मुंबईच्या डॉ. अनुजा जोगळेकरांना बोलवा. निवड समितीवर त्या असतील असं कळतंय. मग तुमचं बघू.

सिद्धेशने विषय घेतला, 'अकादमी : शब्दाचा अर्थ आणि उगम'. त्यामागे दुखावलेला अभिमान होता. कॉलेजात उठता बसता 'अकादमिक वर्तुळ', 'अकादमिक क्षेत्र', 'अकादमिक शिस्त' असं चाललेलं असायचं. ज्या घराच्या पायरीवर आपण इतकी वर्षं चपला काढून उभे आहोत, त्या घराचं नाव तरी कशावरून पडलं, हे त्याला बघायचं होतं.

आणि जे सापडलं त्याने तो हरखून गेला. ग्रीस देशात अथेन्स शहराच्या वेशीबाहेर अकादेमस नावाच्या एका पुराणकाळच्या माणसाची राई होती. ऑलिव्हची झाडं. त्या राईला त्याच्या नावावरून अकादेमेइया म्हणत. पुढे एका थोर तत्त्वज्ञाने तिथे झाडाखाली शिकवायला सुरुवात केली, शाळेला राईचं नाव चिकटलं, शाळेचं नाव साऱ्या विद्वानांच्या जगाला चिकटलं. म्हणजे आज पृथ्वीवरचे सगळे विद्वान जे नाव छातीवर मिरवतात, ते एका बागवाल्याचं. सिद्धेशला वाटलं, बाग तर आपल्याकडेही आहे.

तेवढ्यात कॉलेजचा हॉल गेला. चर्चासत्राच्या दिवशी तिथे गॅसधारकांचं अंगठे लावायचं शिबिर ठेवलं होतं, आणि अंगठ्यापुढे विद्वत्तेचं काय चालणार. पाहुण्यांची तिकिटं निघालेली, तारीख हलत नव्हती. सिद्धेशने मग आयुष्यातला पहिला धाडसी निर्णय घेतला. कसालपासून थोडं आत गाळवाडीला त्यांची काजूबाग आहे. चर्चासत्र झाडांखालीच होईल. त्याने निमंत्रणपत्रिका छापली आणि स्थळाच्या ओळीवर एक अख्खी संध्याकाळ घालवून लिहिलं : 'अकादेमसचे वन, दाजी पालव यांची काजूबाग, मु. गाळवाडी, मार्गे कसाल.'

ही ओळ त्याला फार आवडली होती. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

शेजारच्या निलेशने पत्रिका वाचली नाही, पण मनावर घेतली. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा. त्याने तिथल्या तिथे कमान, खुर्च्या, जनरेटर आणि हळदीच्या कार्यक्रमाला वापरतात ते धुराचं यंत्र सुचवलं. चर्चासत्रात धूर कशाला, असं सिद्धेशने विचारलं. निलेशचं म्हणणं, पाहुणे बोलायला उठले की पायाशी धूर सोडायचा, बोलणं वजनदार वाटतं. सिद्धेशने धूर नाकारला. निलेश दुखावला, आणि त्याने जाता जाता सांगितलं की स्पीकर लावायचे तर पंचायतीची ना-हरकत घेऊन ठेव.

ग्रामसेवक मंगेश हा सिद्धेशचा शाळेतला बाकमित्र. बाहेर पायरीवर भेटला तेव्हा तो, "काय रे, खंय होतंस इतके दिवस?" असं म्हणाला. आत टेबलामागे बसला आणि त्याची भाषा बदलली.

"अर्जदार म्हणून आपण. जागा वडिलांची. मग पत्रिकेत हे अकादेमस कोण?"

"मूळ मालक. म्हणजे कल्पना आहे ती. ग्रीक होते."

"सातबाऱ्यावर दिसत नाहीत."

"ते वारले, मंगेश. अडीच-तीन हजार वर्षं झाली."

"मृत्यूचा दाखला जोडलेला नाही."

सिद्धेशने समजावून सांगितलं की हा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, याबद्दलच विद्वानांत मतभेद आहेत. मंगेश म्हणाला की मग प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण मेलेल्याच्या वतीने वारस सही करू शकतात, पण मतभेदांच्या वतीने कोण करणार. वारस कोण आहेत, असंही त्याने विचारलं. इथे सिद्धेशमधला वक्ता नको तेव्हा जागा झाला. तो म्हणाला, "जगातले सगळे विद्वान त्यांचे वारसच."

मंगेशने ते लिहून घेतलं आणि सांगितलं की मग सगळ्यांच्या सह्या लागतील.

पत्रिका बदलायची सोय नव्हती, कारण विद्यापीठाने कार्यक्रम त्याच स्थळासकट मंजूर केला होता, आणि तीच मंजुरी पुन्हा आणायची म्हणजे पुढचा जन्म. शेवटी मंगेश त्याला पायरीपर्यंत सोडायला आला आणि पायरीवर त्याची भाषा पुन्हा बदलली. तो म्हणाला, गावकऱ्यांची हरकत नाय, असां मिटवून घे, मगे माका कायच नको. गावकऱ्यांनी म्हटलं, आमची कसली हरकत, पण देवाक इचारूक व्हया.

गाळवाडीत रवळनाथाला विचारल्याशिवाय विहिरीचा पंपसुद्धा बदलत नाहीत. पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न घालायचा मान घाड्यांचा, म्हणजे सध्या सत्यवान घाडीचा. एरवी तो कसालला रिक्षा चालवतो.

सत्यवानने विचारलं, बागेत पोरग्याचं चर्चासत्र आहे, करू का? डावी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. सिद्धेशला हे निवड समितीसारखंच वाटलं, फरक इतकाच की इथे निदान निकाल लगेच कळत होता.

सत्यवानने खिशातून पत्रिका काढली, लांब धरून वाचली.

"जागेवाल्याक इचारलास?"

"जागेवालो हयसरच बसलोहा. दाजी," सिद्धेश म्हणाला.

"हडे तर अकादेमसचे वन म्हणान लिवलेला आसा. ह्यो कोण?"

कुणी शब्दाचा अर्थ विचारला की तो सांगितल्याशिवाय सिद्धेशला राहवत नाही. हा त्याच्या धंद्याचा दोष. त्याने सभामंडपात उभं राहून सगळं सांगितलं. एका राजाने एक मुलगी पळवून लपवून ठेवली होती. तिचे जुळे भाऊ फौज घेऊन शोधत आले. तिला कुठे ठेवलंय ते अकादेमसने सांगितलं आणि अथेन्स वाचलं. पुढे त्या भावांच्या गावाने अथेन्सवर कितीतरी स्वाऱ्या केल्या, आजूबाजूची शेतं कापली, जाळली, पण या उपकाराची आठवण ठेवून अकादेमसच्या राईला कधी हात लावला नाही.

मंडपात एक समजूतदार हुंकार फिरला. मग सिद्धेशने पुढचंही सांगितलं, की बऱ्याच काळाने रोमचा एक सेनापती आला आणि त्याने लढाईची यंत्रं करायला तीच झाडं तोडली.

"तेचा पुढे काय झाला?" बायकांतून तुळसाने विचारलं.

सिद्धेश जरा घुटमळला. "अंगात किडे पडून मेलो, असां सांगतत."

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. एकाने फक्त किडे कसले, एवढी चौकशी केली.

"राखणदार आसा ह्यो," सत्यवान म्हणाला, आणि चर्चासत्राचा मुख्य निष्कर्ष चर्चासत्राच्या आधीच निघाला.

राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा. प्रत्येक बागेला, बांधाला, पाणंदीला तो असतो, आणि वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यावा लागतो. त्याला राखण म्हणतात. सिद्धेशने जमेल तेवढ्या नम्रपणे सांगितलं की हा राखणदार अथेन्सचा, त्याचा गाळवाडीशी संबंध नाही. सत्यवानने मान हलवली.

"नव्हतो. आता तू तेका आवताण धाडलंस. छापून. मार्गे कसाल म्हणान वाटसुदा सांगलंस."

दाजींनी हे मान्य केलं. पोस्टात आयुष्य गेलेला माणूस. पूर्ण पत्ता लिहिलेली वस्तू पोचतेच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मग सत्यवानने विचारलं की या अकादेमसाची राखण आजवर कोण देत आलं. सिद्धेशने प्रामाणिकपणे सांगितलं, त्याच्या माहितीत कुणीच नाही. मंडपात लोक एकमेकांकडे बघू लागले. सारवासारव म्हणून सिद्धेशने एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. राईत शिकवणाऱ्या त्या तत्त्वज्ञाचे गुरू होते, ते मरताना शेवटचं वाक्य काय बोलले म्हणतात, तर एका देवाला कोंबडा द्यायचा राहिलाय, विसरू नका.

"मगे? दिल्यानी?"

"दिला असेल. पण तो देव वेगळा होता."

"म्हणजे एकाचो दिल्यानी काय नाय ठाऊक नाय, आणि दुसऱ्याचो कोणी इचारलोच नाय." सत्यवानने पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. "शिकल्यासवरल्यांच्या अख्ख्या जगाची राखण रवलीहा. मगे तुमची भरती कशी होतली रे?"

सिद्धेशने भरतीबद्दलचे सगळे शासननिर्णय वाचले होते. एकातही कारण इतक्या स्पष्टपणे दिलेलं नव्हतं.

सत्यवानने नवा प्रश्न घातला, अकादेमसाला राखण दिली तर चालेल का. तो 'चालेल' म्हणायच्या आतच उजवी पाकळी खाली आली. मंगेश देवळात होताच. त्याने दुसऱ्या दिवशी ना-हरकत दिली.

घरात आता पाहुण्यांपेक्षा राखणदाराचीच बडदास्त जास्त सुरू झाली. तुळसाला विचारायचं होतं, त्याला वडे चालतात का. सिद्धेश वैतागून म्हणाला, त्यांच्याकडे ऑलिव्ह खातात. किशोरीने कणकवलीहून पिझ्झावर घालतात ती बाटली आणली. तुळसाने एक चकती चाखून पाहिली आणि म्हणाली की करवंदच आहे, फक्त कुणीतरी रागाच्या भरात मीठ घातलंय. तरी तिने त्या चकत्या एका केळीच्या पानावर देवाच्या म्हणून वेगळ्या काढून ठेवायचं ठरवलं.

सिद्धेशचा हिशेब साधा होता. राखण सकाळी उजाडल्या उजाडल्या उरकायची, कोंबडा चुलीवर गेला की जागा झाडून घ्यायची, आणि विद्वान मंडळी येतील तेव्हा तिथे फक्त पाचोळा आणि प्रगल्भता असेल. आदल्या दिवशी सत्यवानने त्याला बाजूला घेऊन विचारलं, उद्या देवापुढे जे गाऱ्हाणं घालायचं, त्यात तुझं नाव घालू का? नावगाव नीट सांगितलं की काम नेमकं होतं. सिद्धेशच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. पण चर्चासत्राचा संयोजक, आणि देवाकडे वशिला? त्याने ताठ मानेने नाही म्हटलं. सगळ्यांच्या भल्याचं माग, म्हणाला. सत्यवानने त्याच्याकडे, रिक्षा असून पायी निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

चर्चासत्राच्या दिवशी पहाटे सत्यवानला कुडाळचं भाडं लागलं. उजाडलं, कोवळं ऊन बागेत शिरलं, काजूच्या पिकल्या बोंडांचा वास सुटला, गाव जमला, तांबडा कोंबडा जमला, सत्यवान नाही. आणि चर्चासत्रांच्या इतिहासात कुणी गृहीत धरत नाही ते घडलं : सहभागी प्राध्यापक वेळेवर आले. प्रमाणपत्र सकाळी नोंदणीला मिळेल असं कुणीतरी पसरवलं होतं. प्राचार्य आले. सगळे खुर्च्यांवर बसले आणि समोरच्या काजूखाली ठेवलेल्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे आणि त्याच्या शेजारी बांधलेल्या कोंबड्याकडे आळीपाळीने बघू लागले. मागच्या रांगेतल्या सावंतवाडीच्या एका तासिकावाल्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं की यातलं बीजभाषण कोण करणार.

सत्यवान आला तो रिक्षातून उतरत डोक्याला टॉवेल गुंडाळतच. सिद्धेशने त्याला थोडक्यात आटप म्हणून खुणावलं. पण गाऱ्हाणं थोडक्यात घालता येत नाही, जसं लग्न थोडक्यात लावता येत नाही. त्यातून निलेशने उदारपणा दाखवत माईक पुढे केला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"अथेन्स गावच्या शिवेवरच्या राखणदारा, अकादेमसा म्हाराजा. आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या नावान ह्यांनी जगभर दुकानां घातली. पदव्ये घेतल्यानी, शाली घेतल्यानी, पण तुका पानाचो एक इडो कोणी दिल्यान नाय म्हाराजा. तां मागचां सगळां पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता जो कोण तासावर आसा, तेका पगारावर घाल म्हाराजा."

इथे मागच्या रांगेतून, गावाच्याही आधी, सावंतवाडीवाला खणखणीत आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाला. खुर्च्या करकरल्या. मोबाईल खाली ठेवले गेले.

"जो कोण प्रभारी आसा, तेच्या म्होरला प्रभारी पूस म्हाराजा."

हा 'व्हय म्हाराजा' व्यासपीठावरून आला. प्राचार्यांनी डोळे मिटले होते.

"कोणाचो निबंध परत इलो आसात, कोणाची फायल मुंबयक कोणाच्या टेबलाखाली पडली आसात, ती वर काढ म्हाराजा. आणि कोण मधे आडवो येत आसात, तर तेका त्या रोमवाल्यासारखो..."

सिद्धेश जोरात खोकला. आणि खोकून वळला तर कमानीखाली डॉ. अनुजा जोगळेकर उभ्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बीजभाषण. निलेशच्या टेम्पोच्या दुसऱ्या खेपेतून, उरलेल्या स्पीकरच्या खोक्यांशेजारी बसून आल्या होत्या. त्या किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. पुढच्या जन्माचीसुद्धा आता आशा नाही, हे सिद्धेशला स्वच्छ दिसलं. तो दोन पावलं पुढे झाला आणि 'लोकपरंपरा', 'प्रात्यक्षिक' अशा शब्दांची जुळवाजुळव करू लागला.

मॅडमनी चष्मा काढला. चपला काढल्या. पाचोळ्यातून सरळ सत्यवानपर्यंत गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या, पण माईक चालू होता.

"घाडीनू, माजी बढती अडलीहा. अनुजा जोगळेकर. माहेर देवबाग. तेवढां जरा नावान सांगशात?"

सत्यवानने नावाने सांगितलं. बाग 'व्हय म्हाराजा'ने दुमदुमली. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. खुर्च्या मोकळ्या झाल्या, दगडासमोर रांग लागली, आणि विद्वान मंडळी विषय, विद्यापीठ आणि अडचण सांगू लागली. रांगेत नव्हता तो एकच माणूस, संयोजक. तो समईपाशी काडेपेटी घेऊन उभा होता.

उद्घाटन झालं तेव्हा वड्यांचा वास सुटला होता. बीजभाषणात मॅडमनी दोन वाक्यांत शुभेच्छा दिल्या. मग सिद्धेशने निबंध वाचला, अर्थ आणि उगम, तळटीपांसकट. ऐकायला मॅडम होत्या, किशोरी होती आणि दगडाशेजारच्या पानावरच्या ऑलिव्हच्या चकत्या हुंगून तोंड फिरवून बसलेली एक मांजर. बाकी सगळे पंक्तीला बसले होते. वाचून झाल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"हा अकादेमस स्वतः काही शिकवायचा, याला पुरावा?"

"नाही मॅडम. काहीच नाही."

"लिहिलंय काही?"

"एक ओळ नाही."

"मग सगळ्या विद्वत्तेला त्याचं नाव कसं?"

"जागा त्याची होती, मॅडम," सिद्धेश म्हणाला.

 मॅडम म्हणाल्या की आपल्या क्षेत्राबद्दल इतकं नेमकं विधान त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. जाताना त्यांनी वडे बांधून घेतले. सिद्धेशला त्या रात्री झोप लागली ती थेट कायम माणसासारखी लागली.

राखण पावली. यात दुमत नाही. महिन्याभरात प्राचार्यांचा प्रभारीपणा गेला. पाटीवरचा शब्द मात्र ऑइलपेंटचा असल्यामुळे जाईना, तो पत्र्यासकट कापून काढावा लागला. डॉ. अनुजांची अडकलेली बढती सुटली. बढती झाल्यामुळे त्यांच्याकडे वरच्या पदांच्या समित्या आल्या, आणि कणकवलीच्या निवड समितीतून त्या आपोआप बाहेर पडल्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सिद्धेशला मुलाखतीत विचारलं, "काजू किती रुपये चाललाय?" सिद्धेशला भावही सांगता आला नाही. जागा सावंतवाडीवाल्याला मिळाली.

सत्यवान त्या संध्याकाळी स्वतःहून घरी आला. ओसरीवर बसला. पाणी प्यायला. तो म्हणाला की त्याला वाटत होतंच. देवाकडे 'जो कोण' म्हणून मागितलं की जो पहिला हो म्हणतो, त्याच्या पदरात पडतं. नाव घालूया म्हणान मी सांगी होतंय.  किशोरी आत पोळ्या लाटत होती. लाटणं जरा जास्त जोरात वाजत होतं.

पण खरा त्रास पुढे होता. रविवारी बागेत गाड्या येऊ लागल्या. आधी कुडाळ-सावंतवाडीच्या, मग घाटावरच्या. उतरणाऱ्यांच्या हातात नारळ, चेहऱ्यावर वेतननिश्चिती. कुणी पीएच.डी.साठी नवस बोले, कुणी मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून, आणि एक मार्गदर्शक विद्यार्थी बदलून मिळावा म्हणून आले होते. दोघे एकाच दिवशी समोरासमोर भेटले. काजू पायाखाली तुडवला जाऊ लागला. दाजींनी कुंपण घातलं, तर लोक कुंपणालाच धागे बांधून गेले. मंगेशने पार्किंगबद्दल विचारणा केली. सत्यवान वेगळाच वैतागला, कारण प्रत्येकाला गाऱ्हाणं घालता घालता त्याची रिक्षा दिवसदिवस उभी राहायची, आणि शिवाय ही माणसं काय मागतात ते त्याला कळत नव्हतं. एकाने त्याला 'माझा निबंध मान्यताप्राप्त यादीत यावा' असं सांगितलं, तेव्हा कुठली यादी हे देवाला समजावताना त्याची भंबेरी उडाली. त्याने गावाला सांगून टाकलं, ह्या राखणदारासाठी वेगळो मानकरी नेमूक व्हयो. माका ह्यांची भाषा येणा नाय.

देवळात पुन्हा गाव जमला. सिद्धेश गेला तो हे सगळं बंद करा म्हणून सांगायला. त्याने बोलणंही तयार केलं होतं. सुरुवात 'अकादेमस हा मुळात' अशी होती. पण तो तोंड उघडतो तोवर सत्यवानच्या पाकळ्या लावून झाल्या होत्या. अकादेमसाचा मान पालवांच्या सिद्धेशला द्यायचा का? या वेळी नावगाव स्वच्छ सांगितलं गेलं.

उजवी पडली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, तिच्यामागून दुसरीही उजवीच पडली.

सिद्धेशचं भाषण तसंच राहिलं. त्याऐवजी, इतक्या वर्षांच्या सवयीने, एकच प्रश्न बाहेर आला.

"मुदत किती?"

सत्यवानला प्रश्नच कळला नाही. त्याने दाजींकडे बघितलं. दाजींनी खाली मान घालून खुलासा केला, की हेका कॉलेजवाले दर वर्षाक काढतत आणि परत घेतत, म्हणान इचारता.

"मान काढूक येता?" सत्यवान हादरलाच. "आता तू. मगे तुजो झील. मगे तेचो झील. काढूचो कसो? तो काय खुर्ची आसा?"

"मे महिन्यात?"

"मे म्हयन्यातसुदा तूच."

"आणि मुलाखत?"

"ती आत्ता झाली मां रे," सत्यवान समोरच्या पाषाणाकडे हात दाखवत म्हणाला. "एकमतान."

सिद्धेश देवळाच्या पायरीवर बसला. खरं तर त्याच्या डोक्यात अजूनही बुद्धिवाद वगैरे होता, पण त्याने सरकून सत्यवानला जागा करून दिली. सत्यवानने शेजारी बसून नियम सांगितले : प्रत्येक राखणीतला अर्धा नारळ आणि कोंबड्याची एक तंगडी मानकऱ्याची. आजारी पडला तर घरच्याने करायचं. निवृत्ती नाही, कारण तसं कुणी कधी विचारलेलं नाही. सिद्धेशने त्याला हे सगळं पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.

तुळसाने डोळ्यांना पदर लावला होता. किशोरीने देवळातूनच माहेरी फोन लावला. तिकडे वडील होते. ती म्हणाली, "बाबा, हे कायम झाले."

पलीकडे बराच वेळ आनंद चालला. मग त्यांनी विचारलं, कुठल्या खात्यात?

किशोरीने सिद्धेशकडे बघितलं. तो आता उठून उभा राहिला होता, आणि नगरहून येऊन थेट देवळापर्यंत पोचलेल्या एका सहयोगी प्राध्यापकाला नाव, गाव आणि नेमकं काय अडलंय ते नीट सांगायला सांगत होता. आणि 'जो कोण' असं अजिबात म्हणू नका, असंही.

"उच्च शिक्षण," ती म्हणाली.